सतरा नंबरची ड्यूटी

गिरजाबाई रामटेके यांच्या क्वार्टरमध्ये खिळे पुष्कळ, पण मानाचा खिळा एकच. पुढच्या दाराच्या आतल्या बाजूला, डाव्या हाताला. त्यावर छत्तीस वर्षं देवाजींचा गेटपास लटकत होता. पायात बूट, हातात डबा, आणि निघता निघता खिळ्यावरून पास उचलायचा, असा त्या घराचा नियम. देवाजी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसवर होते, म्हणजे जिथे लोखंड वितळतं त्या भट्टीवर. साठीला ते रिटायर झाले, पास जमा करावा लागला आणि पुढची बारा वर्षं तो खिळा रिकामाच राहिला. मुलाने, राजदीपने, एकदा त्यावर कॅलेंडर टांगलं, तर देवाजींनी ते उचलून स्वयंपाकघरात नेलं. "थो खिळा कॅलेंडरचा नोहे," एवढंच म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात त्या खिळ्यावर पुन्हा एक कार्ड आलं. फोटो लावलेलं, प्लॅस्टिक चढवलेलं, निळ्या फितीचं. आणि ते देवाजींचं नव्हतं.

त्याचं झालं असं. सेक्टर सहामध्ये एक हॉल आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तिथे साठीच्या पुढची मंडळी जमतात. आधी बीपी आणि शुगर तपासतात, मग खुर्चीत बसून हातपाय हलवतात, मग अंताक्षरी खेळतात, आणि शेवटी कोणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचे पेढे खातात. शुगर आधी आणि पेढे नंतर, हा क्रम कोणी ठरवला ते माहीत नाही, पण तो कोणी मोडत नाही. गिरजाबाईंना तिथे ओढून नेलं रुक्माने. रुक्मा जवळच्या भिलाई-तीन या वस्तीतली, रेल्वेत गार्ड असलेल्या माणसाची बायको. नवरा गेल्यावर तिने घरात कुढत बसण्याऐवजी ऑटोवाल्यांशी भांडत गावभर फिरायचं ठरवलं होतं. "काय घरात बसून भिंती मोजून रायली?" असं म्हणून तिने गिरजाबाईंना चपला घालायला लावल्या. अडुसष्टाव्या वर्षी गिरजाबाई अशा घराबाहेर पडल्या.

आणि तिथे एका शुक्रवारी आम्रपाली आली. शेजारच्या दुर्ग शहरात, पद्मनाभपुरात राहणारी, तिशीतली, खांद्याला लॅपटॉपची बॅग. एका कॉलेजात ती संशोधन करत होती. विषय काय, तर म्हातारी माणसं दिवसात किती चालतात आणि त्याने त्यांचं काय भलं होतं. साठ माणसं हवी होती. आठ आठवडे प्रत्येकाने मनगटावर एक घड्याळ बांधायचं, ते पावलं मोजणार. दर पंधरा दिवसांनी ती येऊन घड्याळातले आकडे लॅपटॉपमध्ये उतरवून घेणार. कोणाची तयारी आहे, असं तिने विचारलं मात्र, पहिला हात गिरजाबाईंचा वर गेला. का गेला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आयुष्यभरात "कोण येतंय?" या प्रश्नाला देवाजींनी हात वर करायचा, असाच रिवाज होता.

मग फॉर्म. नाव, वय, गाव. गाव साकोलीकडचं, भंडारा जिल्हा. लग्न होऊन भिलाईत आल्याला अठ्ठेचाळीस वर्षं. इथवर सगळं सुरळीत चाललं. चौदाव्या प्रश्नाला मात्र गाडी अडली. दैनंदिन जीवनात कोणावर अवलंबून आहात का, असल्यास नाव.

"डिपेंडंट हाय ना मी," गिरजाबाई म्हणाल्या. "दवाखान्याच्या पुस्तकात छापून हाय. देवाजी रामटेके, अन् खाली मी, डिपेंडंट."

खोटं नव्हतं. प्लांटच्या दवाखान्याचं ते पुस्तक घेऊन त्या अठ्ठेचाळीस वर्षं रांगेत उभ्या राहिल्या होत्या. बाळंतपणं त्यावर, मोतीबिंदू त्यावर, आणि प्रत्येक पानावर तो एकच शब्द.

आम्रपाली हसली. "तसं नाही हो मावशी. म्हणजे तुमची आंघोळ, जेवण, चालणं-फिरणं, इसमें किसी की मदद लगती है का?"

"माह्यं मीच करतो. अन् त्यायचंबी मीच करतो."

आम्रपालीने तिथे "नाही" असं लिहिलं. गिरजाबाईंनी वाकून तो शब्द दोनदा वाचला. पुढच्या आठवड्यात कार्ड हातात आलं. गिरजाबाई रामटेके, सहभागी क्रमांक सतरा. वर नवऱ्याचं नाव नाही, खाली तो दवाखान्याचा शब्द नाही. घरी येऊन त्यांनी ते कोणाला न विचारता खिळ्यावर टांगलं. देवाजींनी खुर्चीतून उठून कार्ड पाहिलं, खिळा हलवून पाहिला, आणि "पक्का हाय," असं म्हणून परत जाऊन बसले.

ती खुर्ची म्हणजे देवाजींचं रिटायर झाल्यानंतरचं सगळं आयुष्य. व्हरांड्यातली लाल प्लॅस्टिकची. तिच्यात बसून प्लांटच्या भोंग्याशी आपलं घड्याळ जुळवायचं, पेपर शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचा आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची चाल कशी चुकतेय ते सांगायचं. डॉक्टर म्हणाले चाला, राजदीप हैदराबादहून फोनवर म्हणाला चाला. देवाजींचं उत्तर ठरलेलं: "छत्तीस वर्षं उभा होतो. आता बसाची ड्यूटी हाय." माणूस आळशी नव्हता हो. पण सकाळी उठून ज्याची कोणी वाट पाहत नाही, त्याने बूट कशासाठी घालायचे, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता.

गिरजाबाईंचं मात्र ठरलं होतं. सकाळी पाच पन्नासला खिळ्यावरून कार्ड काढायचं, गळ्यात घालायचं, गुलाबी पट्ट्याचं घड्याळ आवळायचं आणि निघायचं. कार्ड गळ्यात घालून फिरायची काही गरज नव्हती. आम्रपालीने तसं सांगितलंही. पण गिरजाबाई म्हणाल्या, पासशिवाय ड्यूटीवर कोण जाते? पहिल्या आठवड्यात तीन हजार पावलं झाली, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात पाच. रोज आल्या आल्या त्या आकडा देवाजींना सांगत, आणि देवाजी पेपरातून मान न काढता "प्रॉडक्शन वाढून रायलं म्हणजे" असं म्हणत.

हॉलमध्ये इतरही परीक्षा चालायच्या. आम्रपाली पाच शब्द सांगायची आणि दहा मिनिटांनी विचारायची. पेरू, कंदील, सायकल, मेंढी, चावी. गिरजाबाईंनी ते इतके मनावर घेतले की पोळ्या लाटतानाही पुटपुटू लागल्या. महिन्याभरात देवाजींनाही पाठ झाले. दुसरी परीक्षा एका पायावर उभं राहायची. त्यात रुक्मा बावीस सेकंद उभी राहिली, गिरजाबाई एकोणीस. तीन सेकंदांचा तो फरक गिरजाबाईंच्या डोळ्यांत कुसळासारखा सलत राहिला. रुक्माने तो विसरूही दिला नाही. भेटली की आधी एक पाय उचलायची आणि मग जय भीम करायची.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, गिरजाबाई ओट्यापाशी भाजी परतत होत्या. एका हातात झारा, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर, आणि उजवा पाय वर. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, वीस झाले. एकविसाव्याला त्यांना इतका आनंद झाला की तोल गेला. देवाजी धावत आले तेव्हा बायको खाली बसलेली, झारा हातातच, घोटा सुजायला लागलेला, आणि तोंडाने म्हणत होती, "एकवीस झाले वो! एकवीस!"

हाड मोडलं नव्हतं. दवाखान्यात पट्टी बांधून दिली आणि नऊ-दहा दिवस पाय टेकवायचा नाही अशी ताकीद दिली. रिक्षातून घरी येईपर्यंत गिरजाबाई हसत होत्या. पलंगावर टेकल्या, समोर खिळ्यावरचं कार्ड दिसलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. आम्रपालीने एक कागद दिला होता, त्यात नियम होते. चौथा नियम असा: सलग सात दिवस घड्याळ बंद राहिल्यास सहभागीचं नाव वगळण्यात येईल.

"माह्यं नाव कटते," त्या म्हणाल्या. "सात दिवस म्हणजे कटलंच."

आणि त्यांच्या डोळ्यांतून खरोखर पाणी आलं. घोट्याने आलं नव्हतं ते कागदाने आलं. देवाजी हे पाहून गडबडले. बायको रडते म्हणजे काय करायचं असतं याचा त्यांना सराव नव्हता. त्यांनी चष्मा लावला, कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "यात लिहून हाय का घड्याळ बंद नाई पडलं पायजे. घड्याळ कावून बंद पडन? रिलीव्हर हाय ना."

इथे भट्टीचा कायदा समजून घ्यायला हवा. ब्लास्ट फर्नेस कधी विझत नाही. दिवाळी असो, बुद्धपौर्णिमा असो, ती पेटलेलीच असते. त्यामुळे पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन उभा राहिल्याशिवाय आधीच्याने जागा सोडायची नाही. आणि भट्टीचं रीडिंग लॉगबुकात चढतं ते भट्टीचं असतं. ड्यूटीवर देवाजी असो की दुसरा कोणी, आकडा भट्टीचाच. छत्तीस वर्षं या कायद्यावर ज्याची हाडं शेकली, त्या माणसाला घड्याळाचंही तसंच वाटलं तर नवल नाही. पोस्ट सतरा नंबरची. माणूस बदलला, पोस्ट चालू राहिली. यात लबाडी कसली?

गिरजाबाईंनाही ते पटलं. त्याच घरात त्यांचाही जन्म गेला होता.

दुसऱ्या दिवशी पाच पन्नासला देवाजींनी बारा वर्षांत पहिल्यांदा बूट बांधले. पलंगापाशी येऊन ताठ उभे राहिले.

"चार्ज दे."

"कालचे चार हजार एकशे वीस. पट्टा ढिला हाय, दुसऱ्या छिद्रात घाला. अन् नाल्याकडून जाऊ नोका, कुत्रं हाय तिकडं."

"अजून काई?"

"नाई. मशीन ओके हाय."

गुलाबी पट्टा देवाजींनी बांधला, आणि त्यावर फुल बाहीचा शर्ट मनगटापर्यंत ओढून बटण लावलं. कार्डाकडे हात गेला होता, पण त्यावर बायकोचा फोटो होता म्हणून ते राहू दिलं.

पहिल्या दिवशी ते अर्ध्या तासात परत येतील असं गिरजाबाईंना वाटलं होतं. ते दीड तासाने आले. चेहरा लाल, श्वास जोराचा आणि हातात लाल भाजीची जुडी. या माणसाने भाजी आणली! तीही पाहून, पानं निवडून, कोवळी. "बाजार भरून होता तं म्हटलं घ्यावं," म्हणाले आणि पुढचा पाऊण तास बोलतच राहिले. धोंडबा भेटला, क्रेनवरचा. त्याने नवे दात बसवले आहेत आणि ते दाखवायला विनाकारण हसतो. शाळेजवळचं बदामाचं झाड तोडलं. चौकातला चहावाला अजून तोच आहे, त्याने ओळखलं, म्हणाला, काका, किधर थे इतने साल? गिरजाबाई पलंगावर पाय उंच ठेवून ऐकत होत्या. बारा वर्षांत हा माणूस त्यांच्याशी एवढं सलग बोलला नव्हता.

संध्याकाळी पुन्हा "चार्ज दे." देवाजींनी दोन पाळ्या लावल्या होत्या. तिसऱ्या दिवशी धोंडबा सकाळीच दारात हजर. "चल न बे, किती वेळ?" त्या दिवसापासून दोघं मिळून चालू लागले. जुन्या एका डायरीत देवाजींनी लॉगबुक सुरू केलं: वेळ, पावलं, हवा कशी होती, आणि शेवटी शेरा. शेरा कधी "ठीक", कधी "रुक्माबाई भेटल्या, पाय उचलून दाखवला." नवव्या दिवशीचा आकडा बारा हजार चारशे होता, आणि त्याखाली त्यांनी रेघ मारून ठेवली होती.

दहाव्या दिवशी गिरजाबाईंच्या पायाची पट्टी निघाली. देवाजींनी घड्याळ काढून त्यांच्या मनगटावर स्वतः बांधलं. "घे. पोस्ट चालू हाय," म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जरा मिजास होती.

त्या शुक्रवारी आम्रपाली आली. तिने मंगळवारीच सगळ्यांच्या घड्याळांचे आकडे उतरवून घेतले होते आणि आज ते भिंतीवर दाखवणार होती. हॉल भरला होता. देवाजी गिरजाबाईंना स्कूटरवरून घेऊन आले होते. आत यायचं नाही, बाहेर थांबतो, असं म्हणत म्हणत ते दारापर्यंत आले, आणि मग मागच्या भिंतीला टेकून धोंडबाशेजारी उभे राहिले.

आम्रपालीने बटण दाबलं आणि भिंतीवर सतरा नंबर उमटला. खाली निळ्या पट्ट्यांची रांग होती, एक पट्टी म्हणजे एक दिवस. सुरुवातीच्या पट्ट्या बुटक्या, मग जरा मोठ्या, मग एकदम नऊ पट्ट्या छताला भिडलेल्या, आणि टोकाला पुन्हा दोन बुटक्या.

"ये देखिए!" आम्रपालीचा चेहरा फुलून गेला होता. "आपल्या गिरजामावशी! तीन हजारांवरून थेट बारा हजार! अडुसष्ट वर्षं वय! मी इतकी पुस्तकं वाचली, पण असं कुठेच नाही सापडलं. पुढच्या महिन्यात मोठ्या डॉक्टरांपुढे मला बोलायचंय, तिथे मी मावशींचंच उदाहरण देणार. या वयाच्या बाया किती चालू शकतात, ते यावरून सांगता येईल."

टाळ्या पडल्या. रुक्माने शिट्टी मारली. गिरजाबाई मात्र भिंतीकडे बघत होत्या. पहिली गोष्ट त्यांच्या मनात आली ती सांगायला हरकत नाही, कारण त्यांनी ती नंतर स्वतःच सगळ्यांना सांगितली. त्यांना राग आला. बुटक्या पट्ट्या त्यांच्या, घाम गाळून एक एक वाढवलेल्या, आणि टाळ्या पडत होत्या नवऱ्याच्या पट्ट्यांना.

मग दुसरी गोष्ट मनात आली आणि तो राग बाजूला पडला. ही पोरगी मोठ्या डॉक्टरांना सांगणार, की अडुसष्टाची बाई बारा हजार पावलं चालते. ते डॉक्टर कुठल्या तरी गावातल्या कुठल्या तरी गिरजाबाईला सांगणार, चाल बारा हजार. आणि ती बिचारी चालून चालून गुडघे फोडून घेणार. भट्टीचं रीडिंग भट्टीचं असतं. पण हे घड्याळ भट्टीवर नव्हतं, माणसावर होतं. हे देवाजींना समजलं नव्हतं आणि त्यांनाही आजवर समजलं नव्हतं.

त्यांनी गळ्यातलं कार्ड हातात धरलं. बोललं की नाव कटणार, हे त्यांना चौथ्या नियमासकट पाठ होतं. नाही बोललं तर कोणाला कळणार नव्हतं. धोंडबा बोलला नसता, रुक्मा तर मुळीच नाही. लाडवासारखं गोड गोड पचून गेलं असतं सगळं. गिरजाबाई उठल्या.

"आमरपाली, त्या नऊ पट्ट्या माह्या नाईत."

"काय मावशी?"

"माहा पाय मुरगळून होता. एका पायावर उभी होतो, रुक्मीले हरवाच्या नादात. नऊ दिवस पलंगावर होतो. घड्याळ ह्यायनं बांधलं." आणि त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. देवाजींनी नकळत उजव्या मनगटावरची बाही खाली ओढली.

"रीडिंग खरं हाय मॅडम," ते पुढे येत म्हणाले. "एक पाऊल खोटं नाई. पोस्ट खाली नाई ठेवली. लॉगबुक हाय माह्यापाशी, वेळेसकट. रिलीव्हर होतो मी."

"बराबर हाय," धोंडबा नव्या दातांनी म्हणाला. "रिलीव्हर तं पायजेच."

हॉलमधले अर्धे लोक प्लांटमधले. त्यांनी माना डोलावल्या. आम्रपाली एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला सगळा उलगडा झाला आणि ती खुर्चीवर बसून इतकी हसली की डोळे पुसावे लागले. म्हणाली, "काकाजी, गजब हो गया. पूरी दुनिया में अशी चूक फक्त भिलाईतच होऊ शकते." मग हसू थांबलं. तिने गिरजाबाईंचा हात धरला.

"मावशी, तुम्ही सांगितलं नसतं ना, तर मी सगळ्यांपुढे चुकीचं बोलून आले असते. पण नियम..."

"मले माईत हाय," गिरजाबाई म्हणाल्या. निळी फीत डोक्यावरून काढताना ती अंबाड्यात अडकली, ती रुक्माने सोडवली. कार्ड टेबलावर ठेवलं, घड्याळ त्याच्या शेजारी ठेवलं. भिंतीवरच्या सतरा नंबरच्या पट्ट्या आम्रपालीने पुसल्या, उंच आणि बुटक्या सगळ्याच.

घरी आल्यावर देवाजींनी दार लावलं आणि रिकाम्या खिळ्यापुढे थोडा वेळ उभे राहिले. "म्याच कटवलं तुह्यं नाव," ते म्हणाले. गिरजाबाई आतून म्हणाल्या, "तुमी कावून? माह्याच पायानं कटवलं." आणि भाजी निवडायला बसल्या. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. अडुसष्ट वर्षांत एकदाच स्वतःच्या नावाची वस्तू मिळाली होती, आणि तीही आपल्याच तोंडाने परत केली, याचं दुःख व्हायचं तेवढं झालं. केलं ते बरोबर केलं म्हणून दुःख कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी पाच पन्नासला देवाजी बूट बांधून उभे. गिरजाबाई म्हणाल्या, आता कशाची ड्यूटी, मशीन तर गेलं. देवाजी म्हणाले, "मशीन गेलं. धोंडबा तं चौकात उभा असन." आणि मग, दाराकडे बघत, "तू चालत असशीन तं हळू चालू."

दोघं निघाली. लग्नानंतर दोघं मिळून चालली होती ती फक्त कुठेतरी पोचण्यासाठी, आणि तेव्हाही देवाजी पाच पावलं पुढे. आता गिरजाबाईंच्या घोट्यामुळे त्यांना मागे राहावं लागत होतं. चहावाल्याने दोन ग्लास दिले. रुक्मा शुक्रवारी भेटली तेव्हा तिने पाय उचलला नाही, सरळ जय भीम केला. गिरजाबाईंना त्याचंच जास्त वाईट वाटलं आणि त्यांनी स्वतःच एक पाय उचलून तिला हसवलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आम्रपालीने नवी तुकडी सुरू केली. मावशी पुन्हा नाव देऊ शकतात, फक्त सगळं पहिल्यापासून करावं लागेल, असं तिने सांगितलं. गिरजाबाईंनी फॉर्म मागितला. त्यांच्या मागून आवाज आला.

"एक मलेबी द्या."

देवाजी टेबलाच्या कोपऱ्यावर बसले आणि लॉगबुक लिहावं तसं, एक एक अक्षर सरळ उभं करत, फॉर्म भरू लागले. मग आम्रपालीने त्यांना चालवून श्वास मोजला, बीपी घेतलं. आम्रपाली म्हणाली, आता मी पाच शब्द सांगते, नीट ऐका. तिने तोंड उघडायच्या आत देवाजी म्हणाले, "पेरू, कंदील, सायकल, मेंढी, चावी." तिला दुसरे शब्द शोधावे लागले, आणि त्यातले मात्र देवाजींना दोनच आठवले. हॉलमध्ये हशा पिकला.

मग ती त्यांचा फॉर्म तपासू लागली आणि चौदाव्या प्रश्नापाशी थांबली.

"काकाजी, इथे चुकलं बघा. कोणावर अवलंबून आहात का, तर तुम्ही 'होय' लिहिलंय."

"हाय ना."

"नाही हो. आंघोळ, कपडे, जेवण, चालणं तुम्ही स्वतः करता ना? मग इथे 'नाही' लिहायचं. मी दुरुस्त करू?"

देवाजींनी कागदावर आडवा हात ठेवला.

"लॉगबुकात खोटं लिहाचं नाई, मॅडम."

आम्रपालीने फॉर्म गिरजाबाईंच्या पुढे सरकवला. गिरजाबाईंनी चष्मा लावला. प्रश्न चौदा. होय. आणि पुढे, नावाच्या जागेवर, सरळ उभ्या अक्षरांत: गिरजाबाई देवाजी रामटेके.

त्या नावाकडे त्या बघतच राहिल्या. घरात त्यांना हाक होती ती "राजदीपची माय" अशी. राजदीप व्हायच्या आधी नुसतं "आयकते का" असायचं. हे नाव नवऱ्याच्या तोंडून त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि त्याच्या हातचं लिहिलेलं तर कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी शाईवरून बोट फिरवलं. डोळे भरून आले, ते त्यांनी पदराने पुसले आणि सगळ्या हॉलसमोर, मोठ्या आवाजात, नवऱ्याला विचारलं:

"अन् हे आता लिहून रायले? अठ्ठेचाळीस वर्षं काय पेन नवता घरात?"

देवाजी उठले, शर्टाची बाही कोपरापर्यंत वर दुमडली आणि घड्याळ बांधायला हात पुढे केला. पट्टा कुठला हवा, असं आम्रपालीने विचारलं. ते म्हणाले, गुलाबीच द्या.